खिशातला टेस्टर

बाबांच्या शर्टाचा खिसा कायम एकाच कोपऱ्यात उसवायचा, कारण तिथे टेस्टर अडकवलेला असायचा. पिवळ्या मुठीचा, पोटात तांबूस उजळणारा इवलासा दिवा असलेला. त्याने बाबा स्क्रू पिळायचे, डब्यांची झाकणं उचकटायचे, आईचं लक्ष नसलं की चहासुद्धा ढवळायचे. खिसे शिवून शिवून आई वैतागायची. "ही माझी सवतच आहे," म्हणायची.

तारेला हात लावण्याआधी बाबांचा शिरस्ता ठरलेला. टेस्टर आधी चालू सॉकेटात घालायचा. दिवा लागला म्हणजे टेस्टर शाबूत. मग बंद केलेल्या तारेला लावायचा. मग परत चालू सॉकेटात. "टेस्टरच मेला असेल, तर तो सगळ्याच तारांना मेलेलं म्हणेल," हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले आणि बाबांच्याच, वायरमनच्या धंद्यात पडले. आज माझ्याकडे तारेजवळ नुसता नेला तरी चिवचिवणारा टेस्टर आहे. पण त्या तांबूस दिव्याची मला अजून आठवण येते.

हल्ली बाबा विसरतात. गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून फिरायला निघून गेले. त्यामुळे स्वयंपाकघरातलं जळकं बटण आपण बदलणार, असं त्यांनी जाहीर केल्यावर आईने मला बोलावून घेतलं.

"एक पायरी जरी चुकली ना," ती दारातच कुजबुजली, "तर हत्यारांची पेटी उचल आणि तुझ्या घरी ने."

पेटी गेल्यावर बाबांचं काय होईल, हे दोघींनाही कळत होतं. मी गुपचूप जिन्याखालचा मेन स्विच बंद केला. चुकलेच, तर जिवावर बेतायला नको.

बाबांनी स्वयंपाकघराचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि टेस्टर बाहेरच्या खोलीत, फ्रिजशेजारच्या सॉकेटात घातला. पहिली पायरी आठवली होती! माझा जीव भांड्यात पडला. पण दिवा लागेना. त्यांनी मुठीच्या टोकावर बोट नीट टेकवलं, परत घातला. चेहरा एवढासा झाला.

"गेलास की काय रे?" ते टेस्टरलाच म्हणाले. मला बघवेना.

मग त्यांनी कान टवकारले. "फ्रिज का गप्प आहे?" आणि माझ्याकडे वळून, "मेन तू बंद केलास."

"बाबा, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही..."

"टेस्टरवर माझा जन्मभर विश्वास आहे. तरी दर वेळी तपासतोच ना? मला तपासलंस, बरं केलंस. जा, चालू कर."

या वेळी दिवा लागला. बाबा लहान मुलासारखे हसले. पण बोर्डापाशी हात थरथरायला लागला. टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. दोनदा घसरल्यावर त्यांनी टेस्टर माझ्या हातात दिला.

"तू कर. मी बघतो."

मी बोर्ड उघडला. तारेला टेस्टर लावला, दिवा नाही. मी हात पुढे केला.

"हं!" बाबा असे कडाडले की मी दचकून मागे सरले. "परत सॉकेटात कोण घालून बघणार?"

मी बाहेर जाऊन तिसरी पायरी पुरी केली. आले तर आई पेटी पायाने बाबांच्या खुर्चीखाली सरकवत होती.

"राहू दे इथेच," ती म्हणाली. "आणि तुम्ही तो शर्ट काढा बघू. खिसा उसवलाय."