सात टक्क्यांचा कारखाना

आर्थिक मॉडेल भावनांना भीक घालत नाही. हे साहेबांचं वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. मेणबत्त्यांचा कारखाना चालू ठेवायचा की बंद करायचा, याचं मॉडेल बनवणाऱ्या विश्लेषकाच्या शेजारी मात्र रविवारी सकाळपासून त्याची ताई ठाण मांडून बसली होती. तिचा नवरा त्या कारखान्यात फोरमन होता.

"हे दोन कसले?" तिने स्क्रीनवर बोट टेकवलं.

"मागणीतली वाढ. वर्षाला दोन टक्के."

"कुणी सांगितलं?"

"सांगत कुणी नाही गं. धरायचं असतं."

"मग सात धर. प्रगतिपुस्तकात दोनाचे सात करताना हात थरथरला नव्हता तुझा."

त्याने सात धरले. खालच्या लाल ओळी भराभर हिरव्या झाल्या. कारण म्हणून त्याने टीपही जोडली: 'विजेचा लपंडाव आणि वाढदिवसांचं वाढतं प्रमाण.' आयुष्यात प्रथमच आपल्या हातून पुण्य घडतंय, असं त्याला वाटलं.

सोमवारच्या बैठकीत साहेब पडद्याकडे बघतच राहिले.

"इतका चांगला चालणार आहे हा?"

"मॉडेल तसंच म्हणतंय, सर."

"आणि मी कुलूप लावायला निघालो होतो." साहेब हळहळले. विश्लेषकाने मनातल्या मनात ताईला फोनसुद्धा लावला. साहेब पुढे म्हणाले, "मग आत्ताच विकून टाकू. असा भाव पुन्हा यायचा नाही."

तो घाईने पुढे झाला.

"सर, ती वाढ जरा... मी पुन्हा तपासतो."

"काही तपासू नका. इतकं ठोस काम तुम्ही आजवर केलं नव्हतं."

टाळ्या वाजल्या. त्याने मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

सौदा लगेच ठरला. रात्री ताईचा फोन आला.

"सात जास्त झाले का रे?" तिने विचारलं. "पाच धरायला हवे होते."

ताबा द्यायच्या दिवशी मॉडेल समजावून सांगायला साहेबांनी त्यालाच पाठवलं. भावजींनी सगळे साचे पुसून, तेल लावून ओळीने मांडले होते. नव्या मालकाला अडचण नको म्हणून. मेहुण्याकडे न बघता त्यांनी लॅपटॉपसाठी टेबलाचा कोपरा मोकळा करून दिला.

विश्लेषकाने लॅपटॉप उघडला.

"ते राहू द्या," खरेदीदार म्हणाला. "ही भिंत पाडली तर ट्रक आत वळेल ना?"

त्याला गाड्या लावायला जागा हवी होती.