त्रिकाळमूर्तीची टोपली

शेलूबाजारच्या हायवेलगतच्या त्या मंडपात गुरुवारी पाय ठेवायला जागा उरत नसे. जीपा भरभरून माणसं येत. टोकाला चांदीच्या महिरपीत टीव्हीसारखा एक काळा पडदा आणि त्यात मिटल्या डोळ्यांचा चेहरा. भक्त समोर आला की डोळे उघडत, पडदा त्याला नावानं हाक मारी आणि त्याच्या घरातलं दुखणं घडाघडा सांगे. बाया पदरानं डोळे पुसत, पुरुष टोप्या काढून हातात धरत.

"ही त्रिकाळमूर्ती," हरीओम महाराज माइकवर सांगत. "जुन्या काळी देव दगडात बसला, कारण तेव्हा नेटवर्क नव्हतं. आता थेट वरून सिग्नल येते. शंका घेतली की रेंज गेली समजा."

शालिग्राम गुरुजी खांबाला टेकून ऐकत होते. कीर्तनात टाळ धरला की डोळे भरून येणारा हा भाविक माणूस. शाळेत शिकवत असताना त्यांनी पाण्यानं पेटणारे नारळ पाहिले, हातातून गळणारा अंगारा पाहिला. दर वेळी लोकांना समजावलं आणि दर वेळी लोकांनी नवा महाराज शोधला. आता समजावण्याचाही शीण आला होता. पण या वेळी घरी बसून चालणार नव्हतं. आजोळी राहून शिकणाऱ्या नातीला, सरिताला, मिरगीचा त्रास. गोळ्यांवर ती ठणठणीत होती, कॉलेजला जात होती. मूर्तीनं गोळ्या बंद करायला सांगितलं आणि आजीनं, म्हणजे गोमतीबाईंनी, त्या बंद केल्या. काल पोरगी झटका येऊन चुलीपाशी पडली. थोडक्यात वाचली.

"तरी आज तू इथंच आली," गुरुजी बायकोला म्हणाले.

"मंग काय करू? देवानं माह्या मनातलं सांगतलं. पोरीच्या गोळ्या सुटल्या पायजे, हे मी कोणालेच बोलली नव्हती. त्याले कसं समजलं?"

"कोणालेच नाई?"

"नाई म्हनलं ना. आता मागच्या खेपेले इथं वाती वळता वळता बेबीताईपाशी निघालं असंन काही. ते काय बोलणं असते का?"

गुरुजी चमकले. वऱ्हाडात बाया वाती वळायला बसल्या की हात कापसात आणि मन मोकळं. सासर, माहेर, दुखणं, सगळं तिथं निघतं. पण त्याला बोलणं म्हणून कोणी मोजतच नाही.

दर्शनाआधी वाती वळायच्या, ही या मंडपाची रीत. महाराजांची सेवेकरी बेबीताई नाव विचारून नंबराची टोपली हाती देई आणि शेजारी बसे. वाती झाल्या की तीच टोपली मूर्तीपुढं ठेवायची.

गुरुजी नाव सांगून टोपली घेऊन सरळ बायांमध्ये मांडी घालून बसले.

"काय गुरुजी," शेजारची रुपाबाई म्हणाली, "गोमतीनं घरातून काढून देल्लं का?"

"अजून नाई. पण आपली तयारी असलेली बरी."

रुपाबाई हसत दर्शनाच्या रांगेत गेली. बेबीताई जवळ सरकली. "मन हलकं करा, बाबा. काय सलते?"

"थोरला पोरगा नागपुरात हाय," गुरुजी वात वळत म्हणाले. "माह्याशी बोलत नाई. रातभर डोळ्याले डोळा लागत नाई."

त्यांचा नंबर आला. टोपली ठेवली. डोळे उघडले.

"शालिग्राम," मधाळ आवाज आला, "झोप येत नाही ना, बाळा? नागपूरचा तुझा थोरला मुलगा लवकरच तुझ्याशी बोलेल."

"गुरुजीले पोरगा कुठचा?" दर्शन घेऊन बाजूला थांबलेली रुपाबाई म्हणाली. "दोन पोरीच तं हायेत. दोघीच्या बी लग्नात पोया मीच लाटल्या."

हरीओम महाराजांनी माइक ओढला. "मूर्तीले मागच्या जन्माचा मुलगा दिसून राह्यला."

"मागच्या जन्मीचा आन् राह्यते नागपुरात?"

मंडप हसला. गुरुजींनी टोपली पालथी केली. वाती सांडल्या. बुडाच्या पुठ्ठ्याखालून बोटाएवढा माइक निघाला.

"हा देवाचा कान," ते थकल्या आवाजात म्हणाले. "टोपली आयकते. मशीन ते लिहून काढते, आपल्याले आवडंन असं उत्तर तयार करते आन् गोड आवाजात वाचते. मी खोटं बोललो, तिनं खोटंच परत देल्लं. मशीनले काय कळते? मनातलं आपण देल्लं, महिरप महाराजानं देल्ली, आवाज मशीननं. आपण सगळ्यायनं मिळून हा देव बनवला."

"गुरुजी विज्ञानाच्या विरोधात हायेत," महाराज ओरडले.

काही माणसं रांगेतून निघाली. काही टोप्या हातात धरून तशीच उभी राहिली. गुरुजींना त्याचं नवल वाटलं नाही.

गोमतीबाई त्या माइककडं बघत होत्या. "म्हंजे गोळ्या सोडा असं देव नाई बोलला. मीच बोलली होती."

"तू थकून बोलली. थकलेलं माणूस बोलतेच. त्याचा हुकूम ह्यायनं केला." मग ते रांगेकडं वळले. "बाप्पाहो, देवाले माना, मीही मानतो. मशीन वापरा, ते बी कामाचं हाय. पण एखादं उत्तर लय गोड लागलं, तं ते कुठून आलं हे पहिले पाहा. आन् दवाखान्याची गोळी कोण्या पडद्याच्या सांगण्यावर सोडू नका."

त्याच दुपारी सरिताला घेऊन दोघं मंगरुळपीरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?"

"माह्याच," गोमतीबाई म्हणाल्या. "आता तुमी सांगा, कशा चालू करू."