बाभळीखालची ओल

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भीमाशंकरनं बांधावरच्या बाभळीखाली चपलेच्या टोकानं माती उकरली आणि ती ओली निघाली. सास्तूरच्या शिवारात एप्रिल लागला होता. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा होत्या.

"वैनी, हिकडं या जरा."

गौराबाई वांग्यात खुरपत होती. पदराला हात पुसत आली. भीमाशंकर तिचा चुलत दीर. दोघांत विहीर एक; आठ दिवस पाण्याची पाळी त्याची, आठ दिवस तिची. त्याचा पाइप याच बांधातून, बाभळीला खेटून गेलेला.

"तुमची पाळी सरून दोन दिस झाले. मग ही ओल कुठली?"

"मला काय ठावं, भावजी? तुमचाच पाइप गळत आसंल."

"गळत न्हाय, गळिवला आसंल. झाडाखाली पीक मार खातं म्हणून समदा गाव रडतंय. तुमची वांगी मातर बाभळीजवळच टवटवीत, आन् लांबची माना टाकून. ही बाभूळ काय दूध देती का?"

सोमवारी भावकी बसवतो, चोरी ठरली तर पाळी बंद, असं सांगून तो गेला. पाळी गेली तर वांगी आठ दिवसांत वाळणार, हे दोघांनाही कळत होतं.

गौराबाईला वेगळाच संशय आला. भीमाशंकरचा डोळा अख्ख्या विहिरीवर होता. तोच अंधारात येऊन घागरभर ओतून जात असेल तर? संध्याकाळी तिनं बोट खुपसून पाहिलं, माती कोरडी होती. मग चुलीतली राख चाळून बाभळीभोवती पसरली, मांजर चाललं तरी उमटावं अशी. शुक्रवारी उजाडताच जाऊन पाहिलं. राखेवर एका पाखराची पावलं होती, माणसाचं एकही नाही. राखेखालची माती मुठीत धरली तर गोळा झाला.

तिची सून शिवलीला शेतकी शाळेत दोन वर्षं शिकलेली. तिनं चुलीपुढं बसून ऐकून घेतलं.

"आत्या, बाभळीचं मूळ मुरमाच्या बी खाली जातं. दिवसा पानं पानी वढत्यात. रातीला पानं मिटली, की खालचं पानी वरच्या मुळात चढतं. वरची माती कोरडी ठाक आसती. मग ती मुळातलंच पानी शोषून घेती."

"म्हंजी झाड पानी पितं बी आन् सांडतं बी?"

"व्हय."

"आन् हे म्या भावकीत सांगू? माझी पाळी ऱ्हाईल बाजूला, मलाच देवरशाकडं नेतील."

शनिवारी भीमाशंकरनं जेसीबी आणला. बाभळीला लागून, गौराबाईच्या अंगानं कमरेएवढा चर पडला. पाइप उघडा झाला. त्याला भोक नव्हतं, जोड नव्हता, ओरखडासुद्धा नव्हता. मनगटाएवढी मुळं मात्र तुटून चरात लोंबत होती. रविवारी सकाळी गौराबाईच्या बाजूची माती कोरडी निघाली.

"बगा," भीमाशंकर म्हणाला, "पाइप उघडा पडला आन् चोरी थांबली."

"भोक कुठाय, भावजी?"

"हुशार माणूस भोक ठिवतं व्हय?"

त्या संध्याकाळी तिनं उरलेली राख बाभळीच्या दुसऱ्या अंगाला, भीमाशंकरच्या रानात पसरली. तिथली ज्वारी निघून दोन महिने झाले होते. नुसती धसकटं उभी होती आणि पाण्याचा थेंब कुणी दिलेला नव्हता.

सोमवार महादेवाचा वार, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढत नाही, म्हणून भावकी सोमवारीच बसते. सकाळी सहाला सगळे बांधावर आले. भावकीतले थोरले वीरभद्रअण्णा काठी टेकत पुढं झाले. गौराबाईनं त्यांना धसकटांकडं नेलं.

"अण्णा, आदी राख बगा. पाऊल दिसतंय का?"

"न्हाय."

"आता उकरा."

अण्णांनी काठीनं उकरलं, मूठभर माती दाबली आणि तळहात उघडला. गोळा तसाच राहिला. त्यांनी तो भीमाशंकरच्या नाकासमोर धरला.

"भीमा, तुझं रान पडीक. मग ही ओल कशाची?"

भीमाशंकरनं गोळा बोटानं चेपला. "हिनंच वतलं आसंल."

"राखंवरनं उडत जाऊन?"

"राख बी हिचीच हाय की, अण्णा. पानी वतून मग राख टाकली आसंल."

शिवलीलानं मुळांचं सांगितलं. चरात लोंबणारी तुटकी मुळं दाखवली. एकानं तोंडावर उपरणं धरून हसू दाबलं. "शेतकी साळंत हेच शिकिवत्यात का, पोरी? झाड रातचं पानी भरतं म्हणून?" अण्णा हसले नाहीत. ते गौराबाईकडं बघत होते, मग भीमाशंकरकडं, मग परत तिच्याकडं.

"तुमी दोघंबी काय तरी लपिवताय," ते म्हणाले. "फुडच्या सोमवारी बसू. तवर मोटार बंद."

स्टार्टरच्या पेटीला कुलूप लागलं. किल्ली अण्णांच्या करदोट्याला.

आज गुरुवार, गौराबाईच्या पाळीचा पहिला दिवस. सकाळी ती बांधावर गेली तेव्हा बाभळीच्या दोन्ही अंगांना राख होती. धसकटांकडची तिनं आदल्या संध्याकाळी परत पसरली होती. चराकडची भीमाशंकरची, जाडीभरडी, न चाळलेली. पाऊल कुणाचंच नव्हतं; धसकटांकडची माती ओली होती, चराकडची कोरडी. दुपारी बाभळीजवळच्या वांग्यांनीही माना टाकल्या. अण्णा लेकीकडं तुळजापूरला गेलेत, किल्ली त्यांच्याबरोबर आहे.