देवाच्या दोन पळ्या

भुजंगरावांनी पाकिटाच्या कडेला खळ लावली, पण चिकटवण्याआधी आतले कागद काढून लेकीपुढे धरले.

"एकदा बेरजा बघ, वनजा. उद्या टपालात टाकायचं."

त्या कागदांत बावीस वर्षांचा पाऊस होता. कानडी मुलखातल्या सरगूरजवळच्या जंगल खात्याच्या चौकीवर कारकून असताना भुजंगरावांनी दोन पर्जन्यमापकं सांभाळली होती. एक सागाच्या रानात, दुसरं फर्लांगभर दूर, माळावरच्या घराच्या अंगणात. झाडं पाऊस ओढून आणतात, ती तोडली की आभाळ आटतं, असं तिथल्या गोऱ्या साहेबाचं ठाम मत. स्वातंत्र्याआधी साहेब विलायतेला परतला. जाताना 'आकड्यांनी सिद्ध कर' म्हणाला, आणि भुजंगरावांनी ते जन्माचं व्रत करून टाकलं. आता निवृत्तीनंतर अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मणआळीतल्या, घरी बसून त्यांनी लेख पुरा केला होता. वनखात्याच्या परिषदेत तो वाचायचं बोलावणं आलं होतं. त्यासाठी नवा कोटसुद्धा शिवून झाला होता, म्हणजे बघा.

वनजा कॉलेजात गणित शिकवायची. तिची पेन्सिल भराभर खाली सरकली आणि थांबली.

"अण्णा, रानात पाऊस जास्त, खरं. पण मुसळधार असो की भुरभुर, फरक इंचाच्या चार शतांशांचाच. झाडं इतकी नेमानं वागतात होय?"

"साग म्हणजे शिस्तीचं झाड," भुजंगराव ऐटीत म्हणाले.

"माळावरचं माप कोण घ्यायचं?"

"तुझी आई. मी रानात, ती अंगणात. रोज साडेआठला."

शेजारी जानकीबाई वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अय्यो, मापायच्या आधी मी सुम्मने, आपल्या सहज, दोन पळ्या देवाला काढायची. जमिनीला न लागलेलं पाणी ते. विठ्ठलाच्या स्नानाला त्याहून सोवळं कुठलं मिळणार?"

वनजानं देव्हाऱ्यातली पळी आणली आणि पर्जन्यमापकाच्या काचेच्या मोजपात्रात दोन पळ्या पाणी ओतलं. ते बरोबर चार शतांशांच्या रेघेवर उभं राहिलं.

भुजंगरावांनी मोजपात्र उजेडात धरून पुन्हा वाचलं. बावीस वर्षं!

"मला कधी बोलली नाहीस?"

"देवाचं काढलेलं कोण मोजतं हो?" जानकीबाईंचा चेहरा एवढासा झाला होता.

ओरडायला उघडलेलं तोंड भुजंगरावांनी मिटलं. मलेरियानं फणफणलेली ही बाई डोक्यावर गोणपाट घेऊन अंगणात जायची, ते त्यांना आठवलं. एक सकाळ चुकवली नव्हती तिनं. रागवायचं तरी कुणावर, विठ्ठलावर? त्यांना हसू फुटलं, आणि बायकोबद्दल इतकी माया दाटून आली की चष्मा पुसावा लागला.

मग त्यांनी लेखाच्या पहिल्याच पानावर लिहिलं: 'माळावरच्या प्रत्येक नोंदीत चार शतांश मिळवावेत.' दोन्हीकडचा पाऊस सारखा झाला.

"मग लेखात राहिलं काय, अण्णा?"

"खरं राहिलं की," म्हणत त्यांनी पाकीट चिकटवलं. कोट मात्र पेटीत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सर येऊन गेली. माळावरचं मापक खात्यानं मोडीत काढलं, तेव्हापासून ते त्यांच्या परसात होतं. साडेआठला जानकीबाई मोजपात्र घेऊन आल्या. हातात पळी नव्हती.

भुजंगराव आत गेले, पळी घेऊन आले आणि त्यांच्या हातात दिली.

"आधी देवाचं काढ," ते म्हणाले. "मी चार मिळवतो."