चार खाचा

माझ्या बाबांना वाकडा स्क्रू बघवत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी समोरचा स्विचबोर्ड तिरका दिसला की त्यांचा घास अडतो. आमच्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरला खालच्या बाजूने चार स्क्रू आहेत. त्या चारही स्क्रूंच्या खाचा पुढच्या चाकाच्या दिशेने सरळ असायला हव्यात, असा त्यांचा कायदा आहे. हादऱ्याने एखादा सैल झाला तर खाच फिरलेली दिसते, हे त्यामागचं कारण. अख्ख्या भोरात हा कायदा पाळणारी माणसं दोनच, एक बाबा आणि दुसरी मी.

गाडी सत्त्याण्णव सालची, माझ्याच वयाची. आई गेली तेव्हा मी नववीत होते. त्या सुट्टीत बाबांनी मला ही गाडी सुटी करून परत जोडायला शिकवली. नातेवाईक म्हणाले, "शरच्चंद्र, पोरीला हे कशाला?" बाबा म्हणाले, "रस्त्यात अडकली तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." पुढे मी पशुधन पर्यवेक्षक झाले आणि याच गाडीवर रोज भोरहून नसरापूर, वेल्हे करत पासलीच्या जनावरांच्या दवाखान्यात जायला लागले.

वर्षभरापासून मात्र बाबांनी पुण्याजवळ बदली मागून घे असा धोशा लावला होता. विनंती अर्जाची शेवटची तारीख बुधवारी होती. मी स्पष्ट नाही म्हटलं. "बरं बाई, तुझी मर्जी," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

त्यातच गाडी गळायला लागली. उभी केली की कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोलचे थेंब पडायचे. टाकीखालचा कॉक बंद केला की थांबायचे. म्हणजे कॉक ठीक होता, कार्बोरेटरच्या वाटीतच पेट्रोल जास्त भरत होतं. त्या वाटीत फ्लोट असतो. पेट्रोल चढलं की तो वर येतो, त्याची बारीक पितळी पट्टी एका सुईला ढकलते आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. रविवारी उघडून बघितलं तर सुईचं टोक झिजलं होतं. नवी सुई टाकली, फ्लोटची उंची पट्टीने मोजली, खाचा सरळ केल्या. बाबा शेजारी टॉर्च धरून बसले होते. अर्धा तास कॉक चालू ठेवला, तरी खाली ठेवलेला कागद कोरडाच राहिला.

"शाबास," बाबा म्हणाले. सोमवारी गाडी एक थेंब गळली नाही.

मंगळवारी पहाटे साडेपाचला पासलीच्या चंद्राबाईंचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, गाय अडलीया. वासराचा येकच पाय भायेर आलाय. तुमी येता न्हवं?"

"साडेसातला पोचते. तोवर कुणाला हात लावू देऊ नका," मी म्हटलं. बाबा दारापर्यंत आले. वाकून गाडीखालची जमीन बघितली आणि आत गेले.

कामथडीच्या पुढे पेट्रोलचा वास आला. खाली बघितलं तर उजवा बूट भिजलेला. इंजिन गचके खाऊन बंद पडलं. प्लग काढला, पुसला, परत लावला. कॉक बंद ठेवून वाटीतल्या पेट्रोलवर थोडं पुढे जायचं, मग क्षणभर उघडायचा, परत बंद करायचा. नसरापूरला पप्पू मिस्त्रीच्या गॅरेजचं शटर अजून खाली होतं. स्वतःलाच शिव्या घालत होते, की सुई नीट बसवता आली नाही तुला, आणि चाललीस मोठी डॉक्टरीण व्हायला.

पोचायला साडेनऊ वाजले. गाय वाचली. वासरू मात्र मी ओढून काढलं तेव्हा मेलेलं होतं. कालवड होती.

चंद्राबाईंनी तिच्यावर पोतं टाकलं. मला हात धुवायला पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाल्या, "तुमी येती म्हनला, म्हून म्या वेल्ह्याच्या डॉक्टरला फोन केला न्हाई." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना पप्पूचं शटर उघडं होतं. त्याने मोबाईलच्या उजेडात खालून बघितलं. "मॅडम, तुमीच उघडला व्हता न्हवं? सगळं स्क्रू लायनीत हायत."

"रविवारी," मी म्हटलं.

त्याने वाटी उतरवली आणि फ्लोट माझ्यासमोर धरला. "सुई नवी हाय, झ्याक हाय. पर ही पट्टी कुणी वाकवली? ह्ये बगा, पकडीचं दात."

पितळेवर दोन ताजे चरे होते. रविवारी मी मोजली तेव्हा पट्टी सरळ होती. त्यानंतर कुणीतरी वाटी उघडली, पकडीने पट्टी किंचित वाकवली, वाटी बंद केली आणि चारही खाचा पुढच्या चाकाकडे सरळ केल्या. पप्पूला मी काहीच सांगितलं नाही. लाज वाटली, आणि आपल्याला लाज का वाटावी म्हणून आणखी राग आला. "राहू दे, मी घरी करते," म्हटलं, सगळं तसंच परत लावून घेतलं आणि कॉक चालू-बंद करत भोरला आले.

बाबा ओट्यावर घेवडा मोडत बसले होते. मी वाटी उतरवून फ्लोट काढला आणि त्यांच्या परातीत टाकला. त्यांनी तो उचलला नाही.

"कधी केलंत?"

"काल. संध्याकाळी तू चालत बाजारात गेली होतीस तेव्हा." मग घाईघाईने म्हणाले, "अगं, मला वाटलं दारातच गळेल. दोन दिवस सुट्टी काढशील, कंटाळशील, अर्ज करशील. रस्त्यात काही व्हावं असं का मला वाटेल?"

"मग दारात का नाही गळली?"

"अगदी थोडी वाकवली होती. जास्त वाकवली तर पट्टी मोडते."

गाडीची पट्टी मोडू नये म्हणून त्यांनी जपून वाकवली होती. म्हणून ती दारात गळली नाही, कामथडीला गळली. मी त्यांना कालवडीचं सांगितलं. त्यांचे हात थांबले. "मला काय माहीत, असा फोन येईल," ते म्हणाले.

"तुम्हीच मला जायला शिकवलंत, बाबा. माझा घात दुसऱ्या कुणी केला असता तर मी भांडले तरी असते."

मी तिथेच अंगणात बसून पट्टी सरळ केली, उंची मोजली, वाटी बसवली. बाबा सवयीने टॉर्च घेऊन आले. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि दातांत धरला.

चारही स्क्रू आवळले. एकाची खाच घराकडे, एकाची फाटकाकडे, उरलेल्या दोन कशाही. वर मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

"भार्गवी, त्या खाचा..." बाबांच्या तोंडून निघालंच.

"असू देत वाकड्या," मी म्हटलं. "कुणी परत हात लावला तर मला कळायला हवं. बंद करताना तुम्ही त्या सरळ केल्याशिवाय राहणार नाही."