आवरलेल्या घरातला नवरा

आम्ही नवरा-बायको एकाच घरात राहतो हे सिद्ध करा, असं सांगणारं पत्र आलं तेव्हा माझा नवरा माझ्याच शिलाई मशीनखाली आडवा पडून तिला तेल घालत होता. मी पत्र मोठ्याने वाचलं. तो खालूनच म्हणाला, "मग मी कुठे राहतो?"

हसलो खरे, पण पत्र हसण्यासारखं नव्हतं. नवरा परदेशी. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर इकडे आला आणि पँट उसवली म्हणून माझ्या दारात आला. पुढचं सांगत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी सांगायची लाज वाटते आणि न सांगणं जड जातं. लग्नाला दोन वर्षं झाली. त्याला इथे कायमचं राहू द्यावं म्हणून बायको या नात्याने मी अर्ज केला होता. पण पुरावे कुठून आणायचे? विजेचं बिल अजून माझ्या वारलेल्या वडिलांच्या नावाने येतं. भाडेकरार लग्नाआधीचा, माझ्या एकटीचा. त्याची पत्रं कंपनीच्या पत्त्यावर. लग्नातले फोटो अकरा, नंतरचा एकही नाही. भाजी निवडताना कोण कुणाचे फोटो काढतं?

कचेरीने कळवलं होतं की पुरावा अपुरा आहे, घराची पाहणी होईल. पाहणीत पटलं नाही तर त्याने आठ आठवड्यांत देश सोडायचा आणि तिकडून नव्याने अर्ज करायचा. म्हणजे कमीत कमी दीड वर्ष तो तिकडे, मी इकडे.

पाहणी मंगळवारी होती. सोमवारी मला शाळेचे चाळीस गणवेश पोचवायचे होते, त्यालाही कामावर जायचं होतं, म्हणून आईला बोलावलं. "जरा घर आवरून ठेव," एवढंच म्हटलं. माझ्या आईला आवर म्हणणं म्हणजे पाण्याला उताराकडे जा म्हणणं.

संध्याकाळी दोघं दारातच थबकलो. घर ओळखू येईना. उशांना कडक इस्त्रीचे अभ्रे, फरशी अशी की तोंड दिसावं. खिडकीतली त्याची उघडी पडलेली मोटर नाही, खुर्चीवरचा त्याचा टॉवेल नाही, दाराशी टांगलेली पान्यांची पिशवी नाही.

"जावईबापूंचा काय पसारा गं!" आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सरकारी माणूस येणार, तो काय तेलकट पाने बघायला? तीन पिशव्या भरल्या आणि गाडी करून माझ्या घरी नेऊन टाकल्या."

"कपडे पण?"

"कपाटात तुझेच मावत नव्हते."

"आणि टूथब्रश?"

"त्याचे केस वाकडे झाले होते. टाकून दिला."

नवरा म्हणाला, "छान, आई." सासूपुढे त्याला दुसरं बोलता येत नाही. आणि खरं सांगते, मलाही बरंच वाटलं. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या घरात आधी अक्कल आवरून ठेवतात.

मंगळवारी तपासनीस बाई आल्या. उंच, सडसडीत, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर हसू नाही आणि रागही नाही. नवरा नव्या शर्टात खुर्चीच्या कडेवर टेकला होता, मुलगी बघायला आल्यासारखा. कशाला हात लावायचा नाही, असा शेजारी बसलेल्या आईचा हुकूम होता.

बाईंनी कपाट उघडलं. दोन्ही कप्प्यांत माझे कपडे. न्हाणीघरात डोकावल्या.

"ब्रश एकच?"

आत्ता कुठे माझी आवरलेली अक्कल परत आली.

"कालच... म्हणजे दुसरा होता," मी म्हटलं.

बाईंनी काहीतरी टिपलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "साखर आणून दाखवता?"

रोज सकाळचा चहा तोच करतो. खुशीत उठला, स्वयंपाकघरात गेला. एक कपाट उघडलं. दुसरं उघडलं. तिसऱ्यात तांदूळ निघाले. मी मदतीला धावले, तर मलाही सापडेना. स्वतःच्या घरात आम्ही दोघं चोरासारखी डबे हुडकत होतो.

"वरच्या फळीवर, डाव्या हाताला!" आई बाहेरून ओरडली. "मुंग्या लागतात म्हणून हलवली!"

बाईंनी आईकडे वळून विचारलं, "तुम्ही इथे राहता?"

"छे हो, मी माझ्या घरी."

"आणि यांचं सामान?"

"तेही माझ्या घरी," आई अभिमानाने म्हणाली.

"म्हणजे हे तुमच्याकडे राहतात?"

आईचा चेहरा उतरला. मी काल काय काय झालं ते भडाभडा सांगून टाकलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे सगळेच सांगतात. कुणाची आई, कुणाची मोलकरीण." आणि स्वयंपाकघर बघायला निघाल्या.

धाड!

आमच्या स्वयंपाकघराची चौकट बुटकी आहे. बाई कपाळ धरून खालीच बसल्या. मी उशी आणली, आईने फुंकर घातली, नवरा पाणी आणायला पळाला, मग बर्फ आणायला, मग बर्फ बांधायला फडकं आणायला.

"एवढी खाली चौकट!" बाई कण्हल्या. "काही लावत का नाही तिला?"

"लावलं होतं हो. मीच कापूस भरून गादी शिवली होती, यांच्यासाठी."

"घराला बँडेज बांधल्यासारखं दिसत होतं," आई हळूच म्हणाली. "तिसऱ्या पिशवीत आहे."

बाईंनी कपाळावरचा बर्फ जरा बाजूला केला. त्या माझ्या नवऱ्याकडे बघत होत्या. तो दोन्ही हातांत सरबताचे काठोकाठ भरलेले ग्लास घेऊन येत होता, नजर ग्लासांवर.

"थांबा," त्या म्हणाल्या. "परत आत जा."

तो गेला.

"आता या. माझ्याकडे बघत या."

तो त्यांच्याकडे बघत आला. चौकटीशी वाकला, बरोबर तेवढाच, आणि पलीकडे ताठ झाला. दोन पावलांवर एक फरशी उचकटलेली आहे, तिच्यावरून पाय उचलून टाकला. खाली बघितलंसुद्धा नाही.

"आणि तुम्ही," बाई मला म्हणाल्या, "काय म्हणालात आत्ता?"

"मी? काही नाही."

"डोकं, असं म्हणालात. ते दारातून गेले की तुम्ही दर वेळी म्हणता. साखर आणायला गेले तेव्हाही म्हणालात."

मला शपथेवर विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. मी नवऱ्याकडे बघितलं.

"रोज म्हणते," तो म्हणाला. "मी कामावर असतो तेव्हा पण ऐकू येतं."

"तिथे कुठली आलीये मी?"

"लिफ्टच्या शाफ्टमध्ये खूप डोकी आपटतात. माझं नाही."

बाईंनी टॅबलेट उचलला आणि बराच वेळ लिहिलं. मग सरबत संपवलं. "इथे येऊन किती वेळा आपटलात?"

"पहिला महिना, रोज एकदा."

"रविवारी दोनदा," मी म्हटलं. "सुट्टी असायची ना."

तेव्हा त्या हसल्या, आणि हसताना कपाळ दुखलं म्हणून पुन्हा कण्हल्या. "निर्णय वरचे लोक घेतात. मी बघितलं ते लिहिलंय." जाताना मात्र दाराबाहेरही वाकूनच गेल्या, तिथे चौकट चांगली उंच आहे.

सोळा दिवसांनी पत्र आलं. पहिली ओळ वाचली आणि गळ्यातली मापाची टेप तशीच ठेवून निघाले. तो गावातल्या मोठ्या दवाखान्याच्या लिफ्टवर होता. पहारेकऱ्याने पहिल्या मजल्यावर नेलं. लिफ्टचं दार उघडं, समोर पिवळा कठडा, आत काळोख.

"ताई, कठड्याच्या मागेच थांबा," पहारेकरी म्हणाला. "ते वर आहेत, लिफ्टच्या छतावर उभे."

मी तोंडाला दोन्ही हात लावून ओरडले, "मंजूर!"

वरून आवाज आला, "काय?"

"मंजूर! शिक्क्यासकट!"

मग वर कुठेतरी एवढी मोठी आरोळी उठली की मजल्यामजल्यांवरून नर्स बाहेर आल्या. पाठोपाठ लिफ्ट गुरगुरली आणि खाली येऊ लागली. तो छतावर उभा असला की ती रांगते; नियमच आहे. सहा मजले रांगत येणार! मी या पायावरून त्या पायावर होत होते, पहारेकरी मजले मोजत होता, खुर्चीवरच्या एक आजी म्हणत होत्या, "ढकला की हो जरा तिला."

शेवटी लिफ्टच्या डब्याची पत्र्याची भिंत दारासमोरून खाली सरकू लागली. सरकली, सरकली, आणि मग वर बूट दिसले. गुडघे. पट्ट्याला लोंबणारा पाना. ग्रीसने माखलेले दोन हात, आधीच पसरलेले. सगळ्यात शेवटी तोंड, आणि ते ओलं होतं.

"वाच," तो म्हणाला. "सगळं वाच. सावकाश."

मी कठड्याला टेकून वाचायला लागले. लिफ्टसाठी ताटकळलेली सगळी माणसं ऐकत उभी राहिली.