मंडईच्या दिवशी झपाटवीर आला

अवो खुशबू, ठेव तो मोबाईल खाली! त्या व्हिडिओत काहीच नाई दिसत, फक्त माहे पाय दिसतेत. टीना, तूही सरक इकडं. पयलेपासून सांगते.

तुमाले मालूम हाये, मी भैय्याजीची बॉडीगार्ड. टीव्हीवाले त्यायले महाखलनायक म्हंतेत, पन आपल्या अड्याळ गावात सारे भैय्याजीच म्हंतेत. अना नुसती बॉडीगार्ड नाई, असिस्टंटही मीच. मशीन चार्जिंगले लावा, धमकीचा व्हिडिओ काढा, काळा झगा इस्त्री करा, सारं मीच. हासू नोको टीना! कबड्डीत माहा गुडघा फुटला, तवा टीमवाल्या पोरी दोन दिवस भेटाले आल्या, मंग कोनी फोनही नाई उचलला. भैय्याजीनं स्टीलचा गुडघा बनवून बसवून देल्ला. तवाच ठरवलं, मी हावो तोपर्यंत या मानसाले कोनी हात नाई लावनार.

तं झालं काय, दिवाळीनंतर भैय्याजीनं वजन काढाचं मशीन चालू केलं. बटन दाबलं का वस्तूचं वजनच गायब. लाखनीच्या हायवेवर अकरा ट्रक रस्त्यावरून हातभर वर! चाकं गरगर फिरून राहिले, गाडी जागच्या जागी. भैय्याजीची मागनी एकच: साऱ्या जिल्ह्यानं त्यायले रोज सकाळी नमस्कार कराचा, मंगच ट्रक खाली.

मंग काय, जिल्ह्याचा सुपरहिरो झपाटवीर येनारच. विजेसारखा पयते तो. दोनदा त्यानं मले हरवलं होतं. एकदा तं मी मुक्का उगारला, डोळे उघडले तं मी धानाच्या पुंजन्यावर, पार ढिगाच्या टोकाले बसली होती! आता तिसऱ्यांदा हारली का भैय्याजी सिद्दे जेलात.

अना आला कवा? मंडईच्या दिवशी! दिवाळीनंतरची आपली गावजत्रा, घर पाव्हन्यायनं भरलेलं, चौकात दंडारीचं नाटक रंगून राहिलं, अना दारात हा लाल-पिवळ्या कपड्यात, कमरेवर हात.

"भैय्याजीले बाहीर बोलव."

"पयले माह्यासंग," म्हनलं, अना दंड थोपटले.

तेवढ्यात आनंदाबाई, भैय्याजीची माय, मांगून ओरडल्या, "दामिने! पाव्हन्याले दारात उभं काहून ठेवलं वो? पाय धुवाले पानी दे!"

"आजी, हा झपाटवीर हाये."

"कोनाचा का वीर असन. मंडईले आला ना?"

अना माह्या डोक्यात टूब पेटली! मंडईले दारात आला तो पाव्हना, अना ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्यावर हात नाई उचलत. आपल्याकडं पोट्ट्यायलेही मालूम हाये. मी पयतच बालटी आनली.

"पाय धुवा जी."

तो गडबडला. "मी... मी लढाले आलो."

"मंग वाढू नोको?"

आतून कोंबडीच्या रस्स्याचा वास आला. मास्कमंदी बिचाऱ्याचं नाक हाललं. "वाढा, थोडसंच."

आंगनात पत्रावळ मांडली. नऊ वडे, बावा! रस्सा दोनदा मांगला! मी मनात म्हनलं, वाचले भैय्याजी.

पन हे भैय्याजीले कोन सांगन? ते माडीवरून उतरले झगा फडफडवत, हातात मशीन. "हाहाहा! दुश्मन पत्रावळीवर! दामिनी, बाजूले हो, याले उडवतो."

मी हटली नाई. आजपर्यंत त्यायच्याकडं पाठ करून उभी राहाची, त्या दिवशी पयल्यांदा तोंड करून उभी राहिली. "भैय्याजी, पाव्हना जेवून राहिला जी."

"तू माही बॉडीगार्ड हायेस का त्याची?"

"तुमचीच. म्हनून तं. जेवत्या पाव्हन्याले उडवलं तं तुमाले नमस्कार कोन करन? कुत्रंही नाई करनार."

त्यायचं बोट घसरलं का त्यायनं दाबलं, देव जाने. झुपकन मी वर! कौलं गेले, कडुलिंबाचा शेंडा गेला, पाव्हने मुंगीएवढे. झपाटवीर झाडावर चढला, पन त्याचा हात पोचते कुठं? पयता येते त्याले, उडता नाई.

खाली भैय्याजी रडकुंडीले. ट्रक खाली आनीन म्हने, पन वजन वापस आनाचं बटन बनवलंच नव्हतं! "मशीन फोडलं का वजन येते, पन पोरगी पडन ना!"

"तुमी फोडा," झपाटवीर झाडावरून ओरडला, "मी झेलतो."

भैय्याजीनं त्याच्याकडं पायलं. मंग सात वर्साची मेहनत उखळावर आपटली. फाट्! मी धोंड्यासारखी खाली, अना डोळे उघडले तं झपाटवीराच्या रस्स्यानं माखलेल्या हातांत. तिकडं ट्रकही धपकन रस्त्यावर, कोनाले खरचटलं नाई.

भैय्याजीनं दोन्ही हात पुढं केले. "चाल, ने मले." माही तं मानच खाली.

झपाटवीरनं आपल्या पत्रावळीकडं पायलं. "ट्रक उतरले, मशीन फुटलं, माहं काम झालं. अना तुमच्या घरचं खाल्लं जी मी." दारापाशी जाऊन वापस वळला, मास्क वर केला. "मी टेकचंद, आंधळगावचा. सोमवारी आमच्याकडं मंडई हाये. या सारे."

तवापासून भैय्याजी आरशासमोर हायेत. झगा घालू का पांढरा सदरा? आनंदाबाईनं अनारशाचा डब्बाही भरला. मी तं जाईनच, बॉडीगार्ड हावो ना, त्यायच्या एक पाऊल पुढं.

मी हिरवा कुर्ता घालीन म्हंते. गप बस वो खुशबू, टेकचंदसाठी नाई, तसं काही नाई!